काळ्या बुरशीचे निदान वेळेत व्हावे

प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या शरीरात खोलवर शिरणाऱ्या बुरशींमध्ये म्युकरमायकोसिस, म्हणजे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राला हादरवणारा ‘काळ्या बुरशी’चा आजार, निदानाच्या दृष्टीने विशेष फसवा आहे, कारण इतर बुरशींच्या पेशीभित्तिकेतील घटक शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या रक्तचाचण्या येथे सहसा नकारात्मकच येतात. नाकातील वा सायनसमधील बाधित ऊतीचा तुकडा काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रुंद, फितीसारखे, क्वचितच आडपडदे असलेले तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. मात्र तोच तुकडा संवर्धनापूर्वी वाटला गेला, तर हे नाजूक तंतू मोडतात आणि बुरशी वाढतच नाही, ही बाब शस्त्रक्रियागृहापासून प्रयोगशाळेपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवी. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचा दीर्घ वापर किंवा रक्ताचा कर्करोग असलेल्या रुग्णाचा चेहरा एका बाजूने दुखू वा बधिर होऊ लागून संशय बळावला, तर नमुना घेऊन अँफोटेरिसिन-बी तातडीने सुरू करावे लागते, कारण अ‍ॅस्परजिलस बुरशीवर गुणकारी ठरणारे व्होरिकोनॅझोल येथे निष्प्रभ असते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही तपासणी त्याच दिवशी करू शकणारा सूक्ष्मजीवतज्ज्ञ नेमणे शासनाने आता लांबणीवर टाकू नये.