रकाने कोण आखतो?

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत संगणकाविषयीचा लेख, आणि तोही इतिहास शिकविणाऱ्या माणसाचा, पाहून काही वाचकांना नवल वाटेल. निमित्त अगदी व्यावहारिक आहे. माजी विद्यार्थ्यांनी उभा केलेला निधी कशावर खर्च करावा, याचा विचार सध्या चालू आहे. वर्गावर्गांत डिजिटल फळे बसवावेत, मुलांना टॅब द्यावेत, अशा सूचना आल्या आहेत. सूचना करणाऱ्यांचा जिव्हाळा मी जाणतो. तरीही माझे मत असे की, यंत्रे थोडी घ्यावीत आणि आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आज्ञावली लिहिणे, माहितीचे तक्ते आखणे व एकदा नीट लिहिलेले काम यंत्राकडून पुनःपुन्हा बिनचूक करवून घेणे, हे शिकविण्याची कायमची सोय करावी.

संगणक वापरणे आपल्या शिरूर कासार तालुक्यात आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र बहुतेक घरांत सापडेल. आपले कितीतरी माजी विद्यार्थी सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरून देतात. काम कष्टाचे आहे, उपयोगाचेही आहे. पण त्या अर्जातील रकाने त्यांनी आखलेले नसतात. कोणता रकाना रिकामा ठेवता येणार नाही, आडनाव नसेल तर काय करायचे, गावाचे नाव यादीत सापडले नाही तर पुढे कसे जायचे, हे सारे दूर कोठेतरी कोणीतरी आधीच ठरवून टाकलेले असते. खिडकीपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला आपला मुलगा एवढेच सांगू शकतो, “बाबा, सिस्टीम घेत नाही.”

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर ओळखीचे वाटते. मराठवाडा निजामाच्या राजवटीत असताना वरचा सरकारी कारभार उर्दूत चाले, गावपातळीवरचे पुष्कळसे कागद मोडीत असत. जमिनीची नोंद ज्याच्या नावे, त्याला ती बहुधा वाचता येत नसे. गावाची शीव कोठून कोठे जाते हे महाराला ठाऊक असे आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. परंतु ती साक्ष कागदावर उतरे ती दुसऱ्याच्या लेखणीने. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली, पुढे दप्तर देवनागरीत आले, आता ते संगणकात गेले. लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न दप्तराबरोबरच प्रवास करीत आला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेत एक छोटे काम झाले, त्यावरून माझे हे मत पक्के झाले. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले दिवाळीतही वसतिगृहातच असतात, कारण घरी जावे तर घराला कुलूप असते. पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणारे आपले दोन माजी विद्यार्थी त्या सुट्टीत येथे राहिले आणि नववी-दहावीच्या मुलांना बरोबर घेऊन शाळेच्या जनरल रजिस्टरातील जुन्या नोंदी संगणकात उतरविण्यास त्यांनी आरंभ केला. कार्यालयातले दोन जुने संगणक, एक पैसा न मोजता मिळणारी एसक्यूलाइट ही डेटाबेसप्रणाली आणि पायथन ही भाषा, एवढ्यावर ते काम चालले.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी एक आज्ञा लिहिली: १ जून ही जन्मतारीख असलेल्या सर्व नोंदी दाखव. पडद्यावर नावांची रांगच लागली, आणि मुले हसू लागली. कारण त्यांतील बहुतेकांच्या वडिलांचा ‘सरकारी’ वाढदिवस तोच आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हे घराघरांत घडलेले आहे. जन्माची नोंद नाही, शाळा जूनमध्ये उघडते, दाखल करताना मूल सहा वर्षांचे दिसले पाहिजे. मग गुरुजींनी सहा वर्षे मागे मोजून १ जून लिहून टाकावा. संगणकाच्या परिभाषेत याला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. माहिती मिळाली नाही तर आपोआप बसणारी किंमत. गुरुजींचा हेतू चांगला होता. पण पुढे नोकरी, निवृत्ती, निवृत्तिवेतन हे सारे त्या कल्पित तारखेवर उभे राहिले.

डेटाबेसमध्ये न कळलेल्या गोष्टीसाठी ‘नल’ अशी स्वतंत्र खूण असते. ती शून्य नव्हे आणि मोकळी जागाही नव्हे. ‘ठाऊक नाही’ एवढाच तिचा अर्थ. साधन नसेल तेथे गप्प राहावे, हे मला एम. ए. ला शिकविले गेले, आणि हीच शिस्त संगणकाच्या तक्त्यातही आहे हे पाहून मला मनापासून आनंद झाला. तारीख कशी लिहावी याचाही संकेत आहे. १/६ असे लिहिले की आपण १ जून वाचतो. अमेरिकी पद्धतीने चालणारे यंत्र ६ जानेवारी वाचते. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा आंतरराष्ट्रीय क्रम मुलांनी ठरवून घेतला.

रजिस्टरातील मूळ तारीख मात्र कोणी बदलली नाही, आणि बदलताही येत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मुलांनी जुनी नोंद जशीच्या तशी ठेवली आणि शेजारी ‘पुरावा काय’ असा नवा रकाना काढला. दस्तऐवज खोडायचा नसतो, त्यावर टीप लिहायची असते. हे वर्गात सांगून जे मुलांच्या गळी उतरले नव्हते, ते तक्ता आखताना अर्ध्या तासात उतरले.

दुसरी अडचण ओळखीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघाले की मूल त्यांच्याबरोबर जाते, नाव कमी होते. हंगाम संपल्यावर ते परत येते आणि नव्या क्रमांकाने दाखल होते. एकाच मुलाचे तीन-तीन क्रमांक, प्रत्येक वेळी नावाचे स्पेलिंग निराळे. हे एकच मूल आहे हे यंत्राने ओळखावे कशावरून? येथे मुलांना १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी मांडलेली तक्त्यांची पद्धत समजून घ्यावी लागली. प्रत्येक ओळीला तिची अशी एक खूण हवी आणि एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली हवी, हे त्या पद्धतीतले मला उमगलेले सार. या खुणेला ‘प्रायमरी की’ म्हणतात. शहाणे लोक ही खूण अर्थहीन ठेवतात, कारण अर्थ बदलतात. नावावर ओळख बांधली तर नाव बदलले की सारे कोसळते.

आपल्या भागात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. शिरूर म्हटले की पुणे जिल्ह्यातले येते, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत, आपले शिरूर कोणी ‘शिरूर कासार’ लिहितो, कोणी ‘शिरूर (का.)’, कोणी ऱ्हस्व रु देऊन ‘शिरुर’. यंत्राला ही तीन निरनिराळी गावे वाटतात. आसपासच्या तालुक्यांतील गावे काढून १९९९ मध्ये आपला तालुका झाला, म्हणजे त्याआधीच्या दाखल्यांवर तालुका दुसराच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणून युडायससारख्या यंत्रणेत शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो; बीड जिल्ह्यातील शाळांचा २७२७ ने सुरू होतो, पहिले २७ राज्याचे, दुसरे जिल्ह्याचे. क्रमांकात भूगोल कोंबण्याची ही पद्धत मला फारशी पटत नाही. तालुके फुटतात, जिल्हे नवे होतात, आणि क्रमांक जुन्याच भूगोलात अडकून राहतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. तक्ता नीट आखलेला असेल तर त्या बदलासाठी एका ओळीतील एक घर बदलावे लागते. त्या एका घरासाठी या प्रदेशात किती घरे जळाली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. नावाला किंमत आहेच. पण माणसाची ओळख ज्या खुणेवरून पटवायची ती आडनाव, जात, गाव यांपासून मोकळी असावी, हा तंत्रज्ञांनी निव्वळ सोयीसाठी काढलेला नियम आमच्या मुलांना फार लवकर पटला. आडनाव विचारून माणूस ‘ओळखण्याची’ रीत त्यांनी पाहिलेली आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो धर्म व जात या रकान्यांवर. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या काही हजार होती. १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाखांच्या पुढे गेली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. या साऱ्या उलथापालथीचे पडसाद आमच्या रजिस्टरात आहेत: ‘हिंदू महार’, ‘महार’, ‘नवबौद्ध’, ‘बौद्ध’, आणि चुकीच्या जोडाक्षराने लिहिलेले ‘बौध्द’. सख्ख्या भावांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. जात-पडताळणीच्या वेळी अशा फरकापायी कुटुंबाला किती हेलपाटे घालावे लागतात, ते पालकांना विचारावे.

एका मुलाने सुचविले, “सर, ठरावीक यादीच देऊ. त्याबाहेरचे कुणाला लिहिताच येणार नाही.” सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सूचना योग्यच होती. त्यावर नववीतील एका मुलीने विचारले, “पण यादी कोण ठरवणार?” पुण्याहून आलेले दोघेही क्षणभर गप्प झाले. शेवटी तीन रकाने ठरले: नोंद जशी आहे तशी, पडताळणीसाठीचा प्रवर्ग, आणि कुटुंब स्वतः सांगते तो धर्म. तिसरा रकाना ऐच्छिक आहे. मला हा निर्णय आमच्या वर्गात झालेल्या नागरिकशास्त्राच्या कित्येक तासांहून मोलाचा वाटतो.

‘बिल्ड टूल’ नावाचा प्रकार मुलांना स्वयंपाकघराच्या उदाहरणाने लगेच समजला. वरणात मीठ कमी पडले म्हणून कोणी भाकरी पुन्हा थापायला बसत नाही. जनरल रजिस्टरावरून हजेरीपत्रक, निकालपत्रक, शिष्यवृत्तीची यादी व शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो. आजवर ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे हाताने होत असे. एकीकडील दुरुस्ती दुसरीकडे पोचत नसे. कशावर काय अवलंबून आहे हे एका फाइलीत लिहून ठेवले की ‘मेक’ हे साधन पाहते, काय बदलले, आणि तेवढेच पुन्हा तयार करते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यात आज्ञेची ओळ ‘टॅब’ ची कळ दाबूनच सुरू करावी लागते, मोकळ्या जागा चालत नाहीत. ही खोड लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून ती तशीच राहिली, असे फेल्डमन यांनीच सांगितले आहे. डझनभर लोकांच्या सोयीसाठी जगभरच्या लाखोंना ती कळ दाबावी लागते. आमच्या १ जूनची ही सख्खी बहीण.

आता आक्षेप. पालक विचारतात, याने नोकरी लागेल का? सर्वांना लागणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. भूमिती शिकणारा प्रत्येक मुलगाही भूमापक होत नाही. दुसरा प्रश्न नव्या काळाचा आहे: आता आज्ञावलीही यंत्रच लिहून देते, मग मुलांनी का शिकावे? देते खरे, आणि मुलांनी त्याची मदत घ्यावीही. पण १ जून दिसला की तेथे थांबून कोणाला काहीतरी विचारायला हवे, हे त्या यंत्राला शिरूरच्या मुलानेच सांगावे लागेल. तसेच यंत्राने दिलेले बरोबर की चूक, हे तपासणारा माणूस मागणी करणाऱ्यांच्या बाजूने बसलेला असावा.

तपासण्याची आपली स्वतःची एक रीतही आहे. सातबाऱ्याचे संगणकीकरण झाल्यावर त्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवावी असे ठरले. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. सॉफ्टवेअरच्या चाचणीला याहून चांगला शब्द मराठीत मला तरी सापडत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दर शनिवारी दुपारी दोन तास, जुने पण चालणारे दहा संगणक, त्यांवर फुकट मिळणारी लिनक्सप्रणाली, एका स्थानिक शिक्षकाचे मानधन, आणि पुणे-हैदराबादकडे असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा येथे येऊन राहणे. मुलींची संख्या निम्म्याहून कमी असणार नाही, अशी अट मी त्यात घालीन.

रजिस्टराचे अर्धे काम अजून राहिले आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी सकाळी मुले उतरविलेल्या नोंदी सभामंडपात मोठ्याने वाचणार आहेत. आपली नोंद ऐकण्यास प्रत्येक माजी विद्यार्थ्याने उपस्थित राहावे, आणि जन्माचा, दीक्षेचा किंवा जातीचा एखादा जुना कागद घरात असेल तर येताना तो बरोबर आणावा. मुले त्याचे छायाचित्र घेऊन कागद त्याच वेळी परत देतील.