घंटी वाजलीच नाही

नोकरीतून उरलेल्या वेळात आम्ही ढाणकीत मुलांचे स्वाधार योजनेचे अर्ज भरून देतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी रक्कम देणारी ही योजना राज्य शासनाने २०१६-१७ पासून सुरू केली. अर्जात त्रुटी निघाली की पूर्ततेची तारीख आम्ही संगणकातील आउटलुकच्या कॅलेंडरात लिहितो. दोन दिवस आधी घंटी वाजते, आम्ही निरोप धाडतो.

गेल्या साली एका मुलीच्या तारखेला घंटी वाजली नाही. खोलीच्या भाड्याचा कागद राहिला, मुदत सरली. आईने मजुरीतून भाडे भरले. "भाऊ, तुम्ही तर लिहून ठेवलं होतं ना?" एवढेच ती माउली म्हणाली. आम्हांला मान वर करवेना.

लिहिले होते, पण भलत्याच वहीत! मध्यंतरी आम्ही दुसरा ईमेल पत्ता जोडला होता. त्याची डेटा फाईल वेगळी, तिच्यातले कॅलेंडर वेगळे, कामांची यादी म्हणजे टास्कही वेगळी. डावीकडच्या यादीतील त्या दुसऱ्या कॅलेंडरवर टिचकी मारून आम्ही तारीख लिहिली. कचेरीत दोन आवक वह्या असाव्यात आणि साहेबांनी एकच पाहावी, तशातली गत. आउटलुक साधारणपणे मुख्य, म्हणजे डिफॉल्ट, फाईलमधल्याच नोंदींची आठवण देते. दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये उपाय सोपा आहे. 'फाईल'मधून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडावे, 'डेटा फाइल्स'मध्ये हवी ती फाईल निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' करावे. मग आउटलुक बंद करून पुन्हा उघडावे. कॅलेंडर आणि टास्क दोन्ही त्या फाईलचे होतात. मात्र जुन्या नोंदी आपोआप सरकत नाहीत. येथेच बहुतेक जण फसतात. कॅलेंडर यादीच्या रूपात उघडावे, सर्व नोंदी निवडून नव्या जागी नकलाव्यात. त्याआधी फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर काढावी. आम्ही ती काढली नव्हती, दोन दिवस धाकधूक होती.

शेवटी पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करून घंटी वाजते का ते पाहावे. ती वाजल्यावरच आम्ही त्या मुलीची यंदाची तारीख लिहिली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लाल शाईने.