सायलेन्सर कापणाऱ्यांनो, थांबा!

सातारा-सांगलीकडच्या पोरांचं जुन्या आरएक्स १०० चं वेड अजून उतरलेलं नाही. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं, तेव्हा माझे आजचे विद्यार्थी जन्मलेही नव्हते. गाडी हाती आली की पहिला घाव सायलेन्सरवर. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समज! टू-स्ट्रोक इंजिनात तसं नसतं. त्या पाइपचं पोट उगाच फुगीर ठेवलेलं नाही. तिथून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पोट कापलं की गाडीची ओढच जाते. (परीक्षेच्या दिवसांत वर्गाबाहेरून जाणाऱ्या फटफटाटाबद्दल मी बोलतच नाही.) बदलायचाच असेल तर मूळ मापाचा शोधा, पॅकिंग नवं घाला. नाहीतर जुन्यातला कार्बन तेवढा मिस्त्रींकडून काढून घ्या.