सत्ताविसावा मुद्दा

पक्ष आपला, झेंडा आपला, अंगातला निळा शर्टही आपला. आणि एका सकाळी कळतं, पक्षाचा मालकच बदललाय! स्पेनमधल्या ‘फालांखे’ या कट्टर राष्ट्रवादी पक्षाचं १९३७ साली नेमकं हेच झालं.

होझे अंतोनियो प्रिमो दे रिव्हेरा या तीस वर्षांच्या वकिलानं १९३३मध्ये माद्रिदला हा पक्ष काढला. कॉलेजची पोरं त्याच्यामागे गेली, मतं मात्र गेली नाहीत. फेब्रुवारी १९३६च्या निवडणुकीत एकही जागा नाही! जुलैत यादवी युद्ध पेटलं आणि फ्रँकोच्या बाजूच्या भागात पक्षात शिरायला झुंबड उडाली. नेता मात्र विरोधी रिपब्लिकनांच्या तुरुंगात होता. खटला चालवून २० नोव्हेंबरला त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

१८ एप्रिल १९३७ला मान्युएल एदिया प्रमुख झाला. दुसऱ्याच दिवशी फ्रँकोचा हुकूम निघाला : फालांखे आणि राजेशाहीवादी कार्लिस्ट मिळून एकच पक्ष, आणि प्रमुख मी. निळ्या शर्टावर कार्लिस्टांची लाल टोपी चढली. एदियानं नव्या समितीतलं पद नाकारलं. आठवड्याच्या आत अटक, मग मृत्युदंड. पुढे तो रद्द झाला, पण कित्येक वर्षं तुरुंगात गेली.

पक्षाच्या कार्यक्रमात २७ मुद्दे होते. फ्रँकोनं २६ उचलले, शेवटचा गाळला. काय होतं त्यात? आम्ही स्वतःच्या बळावर जिंकू, इतरांशी तडजोडी कमीत कमी करू!

काहीजण म्हणतील, बिचारे फसले. मला नाही तसं वाटत. निवडणुकांची, संसदेची टिंगल यांनीच केली होती. रस्त्यावर पिस्तुलं यांनीही चालवली. ‘नेता सांगेल तेच’ ही सवय पोरांना यांनीच लावली. नेता गेला, सवय राहिली. फ्रँकोला फक्त रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचं होतं.

म्हणून दोस्तांनो, कुठल्या झेंड्याखाली जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आत शिरण्याआधी विचारून घ्या : इथे नेत्याला ‘नाही’ म्हणता येतं का? उद्या दुसऱ्याशी हातमिळवणी करायची ठरली, तर आम्हाला कुणी विचारणार का? उत्तर ‘गप्प बस’ असं आलं, तर शर्ट शिवायला टाकू नका.