पाहुणी कसली?

भातकापणी आटोपलेली. खर्डीला कसारा लोकलमधून उतरून तानसाच्या अंगाला चालत होतो, तर ओहोळाच्या वळणावर अगदी पायाजवळून काहीतरी भुर्रकन उठलं. तीक्ष्ण शीळ घालत, झोकांड्या खात वर गेलं. पाठ काळपट, कमरेवर पांढरंशुभ्र, पंखाखाली काळोख. हिरवी तुतारी.

नावावर जाऊन हिरवा पक्षी शोधू नका. हिरवट असतात ते फक्त पाय, तेही मळकट. गल्लत होते ती ही बसलेली असताना, कारण त्याच पाण्यावर हिच्या दोन बहिणीही असतात. सामान्य तुतारीच्या पोटाचा पांढरा रंग पंखापुढून खांद्यावर चढलेला असतो. ती ताठ पंखांनी पाण्याला खेटून उडते आणि तिच्या कमरेवर पांढरं नसतं. ठिपकेवालीच्या कमरेवर ते असतं, पण पंखाखाली ती फिकट, आणि तिची भुवई डोळ्यामागेही जाते. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते. फोटो काढून लगेच ॲपला विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं, की ती आपणहून उडेपर्यंत थांबा. दगड मात्र मारू नका. तसं करणारे महाभागही पाहिलेत.

बैल धुवायला आलेले एक काका माझी दुर्बीण न्याहाळत होते. म्हणाले, "एकटाच असतो तो. गणपतीच्या आधीच येतो." दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या. हिचे थवे क्वचितच दिसतात, आणि ऑगस्टमध्ये ती हजर असते. जाते साधारण एप्रिलमध्ये.

म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्याकडच्या ओहोळांवर, डबक्यांवर काढते. उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या दलदलीच्या रानात जाते ती बाळंतपणापुरती. तिथेही हिची तऱ्हा वेगळी: बहुतेक जातभाई जमिनीवर अंडी घालतात, ही कस्तुरासारख्या पक्ष्यांनी सोडलेल्या झाडावरच्या जुन्या घरट्यात. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात खाली उड्या टाकतात.

तरी दर हिवाळ्यात 'परदेशी पाहुण्यांचं आगमन' अशा बातम्या येतात. थंडी पडायच्या कितीतरी आधी आलेली आणि आठ महिने मुक्काम ठोकणारी पाहुणी कसली? तिकडे माद्या तर पिल्लं उडती व्हायच्या आत, जूनमध्येच, ती नरावर सोपवून परतीला लागतात.