वाचला तो अनुभव, गेला ते नशीब

कुठल्याही वादात एक वाक्य आलं की बोलणं खुंटतं: "तुमचं पुस्तकातलं राहू द्या, माझा स्वतःचा अनुभव आहे." बाळाच्या गुटीपासून आरक्षणापर्यंत कोणताही विषय असो, या वाक्यापुढे समोरचा गप्प बसतो. पुढे बोलावं तर त्या माणसाला तोंडावर खोटं ठरवल्यासारखं होतं. मला या वाक्याशी भांडायचं आहे, कारण ते मी स्वतः अनेक वर्षं बोलत आलो.

माझ्या मामाला पान लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आषाढ महिना, लावणीचे दिवस. तिन्हीसांजेला बांधावरून येताना त्याच्या पायाला चटका बसला. कंदिलाच्या उजेडात पांढऱ्या पट्ट्यांचं काळपट जनावर गडग्यात शिरताना दिसलं आणि कुणीतरी म्हणालं, "मण्यार." मामाला पाठुंगळी मारून भगताकडे नेलं. त्याने कडुलिंबाचा पाला चावायला दिला. मामा म्हणाला, गोड लागतो. म्हणजे विष चढलं, असं ठरलं. रात्रभर मंत्र, तोंडावर पाण्याचे हबके, डोळा लागू द्यायचा नाही. पहाटे पाला कडू लागला आणि मामा आपल्या पायांनी घरी आला. आजीने भगताच्या पुढ्यात नारळ ठेवला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे कॉलेजात कुणी भगताला नावं ठेवली की मी तावातावाने सांगायचो, "माझ्या मामाला वाचवलंय त्याने."

अनुभवाच्या बाजूने जे म्हटलं जातं ते आधी नीट ऐकलं पाहिजे, कारण ते हलकं नाही. अनुभव फुकट मिळत नाही. त्याची किंमत शरीराने, पैशाने, कधी आयुष्याने मोजलेली असते. तज्ज्ञ चुकतात. शिवाय, "तुला काय कळतंय" हे वाक्य या समाजात नेहमी वरून खाली बोललं गेलं आहे: बाईला, शेतमजुराला, अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसाला. त्याच्याजवळ स्वतःच्या अनुभवाशिवाय दुसरा पुरावा नसतो. तोही काढून घेतला तर त्याने बोलायचं कशाच्या जोरावर?

हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही मामाच्या गोष्टीतून मी जो निष्कर्ष काढला तो चूक होता.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सापाची लसही या चौघांच्या विषावर बनवलेली असते. पण शेतात, घरात निघणारे बहुतेक साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष भिनतंच असं नाही. दात लागतात, विष सुटत नाही. म्हणजे ज्यांना पान लागतं त्यांतले कितीतरी जण काहीही न करता वाचणारच असतात. भगत त्यांच्या उशाशी बसलेला असतो, एवढंच.

पुढे एका सर्पमित्राने मला मण्यार आणि कवड्या यांतला फरक दाखवला. मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ. कवड्याचे मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. दोघंही रात्रीचे. कंदिलाच्या उजेडात, गडग्यात शिरणारी अर्धी शेपटी पाहून हे कोण ओळखणार? मामाला चावलेला साप कवड्या असेल, कदाचित मण्यारच असेल आणि विष सुटलं नसेल. आज ते ठरवता येत नाही. पण भगताने विष उतरवलं, हे मी पाहिलेलं नव्हतं. मी फक्त एवढंच पाहिलं होतं, की मामा रात्री भगताकडे गेला आणि सकाळी परत आला. मधला दुवा मी माझ्याच मनाने जोडला आणि त्यालाही अनुभव म्हणू लागलो.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. काय झालं, कुठे दुखलं, काय दिसलं, हे सांगण्याचा पूर्ण हक्क ज्याच्यावर बेतलं त्याचा. तिथे त्याला कुणी खोटं पाडू नये. पण ते कशामुळे झालं, आणि इतरांच्या बाबतीतही तसंच होतं का, हे एकट्याचा अनुभव सांगू शकत नाही. त्यासाठी जे आपल्या गोष्टीत नाहीत त्यांना विचारावं लागतं. आणि सर्पदंशाच्या गोष्टीत जे नाहीत ते मेलेले असतात.

ही चूक फक्त गावातली माणसं करतात असं कुणी समजू नये. आमच्या शेजारची बारा वर्षांची मुलगी श्रावणात जमिनीवर सतरंजी टाकून झोपली होती. पहाटे पोटात कळा येऊ लागल्या. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. आई सारखी सांगत होती, "पोरीची पापणी वर उचलत नाही. ही झोप नव्हे." डॉक्टर म्हणाले, रात्रभर जागरण झालंय, गुंगी आहे. त्यांच्या अनुभवात पहाटेची पोटदुखी शंभरदा पित्ताचीच निघालेली. मण्यार झोपेत चावते, खूण जेमतेम दिसते, आधी पोट दुखतं आणि मग पापण्या मिटू लागतात. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने कारण सांगितलंच नाही, फक्त दिसलं ते सांगितलं आणि त्यावर ठाम राहून रिक्षा बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात पोरीच्या घशात नळी घालून श्वास चालू ठेवावा लागला, लस दिली, आणि ती वाचली. आईचा अनुभव खरा होता. डॉक्टरांचाही खोटा नव्हता, पण त्यांनी त्याचा निवाडा करून टाकला.

म्हणून अनुभव बाजूला सारा, असं मी म्हणणार नाही. उलट, तो अर्धा वापरला जातो, ही माझी तक्रार आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, लहान मुलं मरत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. दरदरून फुटणारा घाम, गार पडलेले हातपाय, चढउतरणारा रक्तदाब, शेवटी फुफ्फुसात पाणी भरून तोंडाला येणारा फेस, हे सगळं त्यांनी रुग्णामागून रुग्ण टिपून ठेवलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं, तेव्हाही नोंदी चालूच होत्या. हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जिथे पूर्वी शंभरात तीस-चाळीस दगावायचे तिथे मृत्यू एक-दोनावर आले. अनुभव बावस्करांना होता तसा भगतालाही होता. पण बावस्करांच्या वहीत गेलेल्यांचीही नोंद होती.

आकडेवारीला कोरडी म्हणून हिणवणाऱ्यांना एक सांगायचं आहे. भारतात सर्पदंशाने किती माणसं मरतात हे फार काळ रुग्णालयांच्या नोंदींवरून मोजलं जाई. मग २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंची देशभर घरोघरी जाऊन चौकशी झाली. तुमचं माणूस कसं गेलं, हे घरच्यांना विचारून लिहून घेतलं आणि डॉक्टरांनी त्या हकिकती वाचून कारण ठरवलं. त्यातून अंदाज निघाला, वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू, आणि त्यांतले जेमतेम २३ टक्के दवाखान्यात झालेले. म्हणजे रुग्णालयालाही आपला अनुभव अपुरा पडला होता. तो ४६ हजारांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नाही. ओसरीवर बसून, डोळे पुसत सांगितलेल्या अनुभवांचा तो बनलेला आहे. त्याला "पुस्तकातलं" म्हणणं हा त्या घरांचा अपमान आहे.

याच्याच दुसऱ्या टोकाला, "मला तर असा अनुभव कधी आला नाही" हे वाक्य येतं. आमच्या गावात आता जातपात राहिली नाही, माझ्या पाहण्यात तरी नाही, असं छातीठोक सांगणारे मला नेहमी भेटतात. पुण्यात सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये आपल्या माणसांचं दुःख लिहिलं. त्या काळीही अनेकांच्या पाहण्यात ते नव्हतंच. पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. एकाला ठेच लागली नाही म्हणून वाटेवर दगड नाही असं होत नाही, आणि ठेच लागलेल्याला तर असं कधीच सांगू नये.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा ठरलं आहे. तो कायदा मला हवाच आहे. पण कायदा भगताला रोखेल. पाठुंगळी मारून नेणाऱ्या माणसांची खात्री त्याने हलत नाही, कारण ती खात्री स्वतःच्या डोळ्यांवर उभी असते.

ती कशी हलते ते मी एकदा पाहिलं. मामा जाऊन काही वर्षं झाली होती. पडवीत मामी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सहज विचारलं, "मामी, भगताकडे नेलेलं कुणी गेलंही असेल ना गं?"

"गेलं की. ज्याचं त्याचं नशीब."

"कोण कोण?"

तिने सूप बाजूला ठेवलं. खालच्या वाडीतला गुराखी पोरगा सांगितला, माहेरवाशीण आलेली एक लेक सांगितली, भाताच्या उडव्याशी चावलेला म्हातारा सांगितला. साल नाही, पण सण सांगितला प्रत्येकाचा. गौरी, दिवाळी, शिमगा. कुणाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हेही तिला आठवत होतं. इतकी वर्षं हे सगळं तिच्याजवळ होतं आणि त्याला अनुभव म्हणतात, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती बोटं मोजत राहिली. चौथ्या बोटावर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या मामाच्या आदल्याच वर्षी एक पोर..."