मालकाचे कर्तव्य

बारामतीची औद्योगिक वसाहत व महाविद्यालये जवळ असता, पिंपळीत भाड्याने देण्यासाठी चार खोल्या बांधाव्यात असे मध्यमवर्गीयास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाडेकरू मिळाला की काम संपले, ही समजूत घातक होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी भाडेकरूची नव्हे, मालकाची आहे. ती चुकली, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य ठरते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयुष्याची पुंजी विटामातीत घालावी आणि नोंदणीच्या खर्चास मात्र कचरावे, यास काटकसर कोण म्हणेल? तोंडी शब्दाचा चांगुलपणा आम्हांस मान्य आहे; तो कागदावर उतरला, तरच उभयतांच्या कामी येईल.